जुन्या स्पोर्ट्‌स कारचे शॉकअप: तेल भरायचं, उघडायचं की बदलायचं?

गाडी खड्ड्यातून गेली की एकदा दबते, वर येते आणि थांबते. हे ‘थांबणं’ शॉकअ‍ॅब्सॉर्बरमुळे होतं. गॅरेजमध्ये त्याला शॉकअप म्हणतात, मीही तेच म्हणणार. नाव मात्र फसवं आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण दबलेली स्प्रिंग एकदा उसळून गप्प बसत नाही, खालीवर होतच राहते. तिची ती उसळ जिरवायची, एवढंच शॉकअपचं काम. आत तेल असतं, ते बारीक वाटेतून जोराने ढकललं जातं, त्यात उसळीची उष्णता होते आणि ती बाहेरच्या हवेत जाते.

ज्यांनी नुकतीच साठ-सत्तरच्या दशकातली एखादी स्पोर्ट्‌स कार घेतली आहे आणि गाडीखाली जायची तयारी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरण मुख्यतः एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं घेतो. ही गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, आजही भरपूर सापडते, आणि शेवटपर्यंत तिला पुढे-मागे जुन्या पद्धतीचे लिव्हरवाले शॉकअप होते. एकदा हिचं काम समजलं की त्या काळातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांचं समजतं.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण मी ती दोन वर्षं मनावर घेतली नव्हती: गळणाऱ्या लिव्हर शॉकअपमध्ये तेल भरणं ही दुरुस्ती नाही.

तुमच्या गाडीला कोणत्या जातीचा आहे?

चाक काढा आणि बघा. लांब नळकांडं, त्यातून आतबाहेर होणारा चकचकीत दांडा, वर-खाली रबरी बुश असं दिसलं तर तो टेलिस्कोपिक. हल्लीच्या गाड्यांना असतो तोच. जॅग्वार ई-टाइप, ट्रायम्फ स्पिटफायर यांना तसेच आहेत.

त्याऐवजी ॲल्युमिनियमच्या ओतीव भांड्यासारखा डबा चॅसिसला बोल्टने घट्ट बसवलेला असेल आणि त्याच्या बाजूने एक लोखंडी हात बाहेर आलेला असेल, तर तो लिव्हर-आर्म. आर्मस्ट्राँग या कंपनीचे हे शॉकअप एमजीए, एमजीबी, मिजेट, ऑस्टिन-हीली अशा कित्येक गाड्यांवर आले. काही गाड्यांत खिचडी असते. ट्रायम्फ टीआर६ ला पुढे टेलिस्कोपिक आणि मागे लिव्हर. त्यामुळे पुढचं बघून मागचे भाग मागवू नका.

लिव्हरच्या पोटात काय आहे ते समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. बाहेरचा हात एका आडव्या शाफ्टवर घट्ट बसवलेला असतो. हात हलला की शाफ्ट थोडा फिरतो. शाफ्टवर आतल्या बाजूला एक छोटी दांडी आहे, ती शेजारी शेजारी बसवलेले दोन पिस्टन ढकलते, हात वर गेला की एक आणि खाली आला की दुसरा. पिस्टनने दाबलेलं तेल एका व्हॉल्व्हमधून जातं. चाक वर येताना किती अडवायचं आणि खाली जाताना किती, हे तो व्हॉल्व्ह ठरवतो. परतीच्या हालचालीला पिस्टन वरच्या साठ्यातून पुन्हा तेल ओढून घेतात. आता साठ्यात तेलच कमी असेल तर पिस्टन काय ओढणार? हवा. आणि हवा दाबली जाते, अडवत नाही.

खराब झालाय हे ओळखायचं कसं

सगळ्यांना माहीत असलेली परीक्षा म्हणजे बोनेटच्या कोपऱ्यावर भार देऊन गाडी तीन-चार वेळा हलवायची आणि सोडून द्यायची. सोडल्यावर ती वर येऊन थांबली तर बरं, आणखी दोनदा झुलली तर शॉकअप गेला. पण जुन्या गाडीत ही परीक्षा खोटं बोलते. यांतल्या बऱ्याच गाड्यांना मागे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग असतात. गंजलेले पाटे एकमेकांवर घासून स्वतःच गाडीला अडवतात आणि मेलेला शॉकअप पास होतो. कडक झालेले बुशही तेच करतात. म्हणून गाडी झुलली तर निकाल खरा माना, नाही झुलली तर पुढे तपासा.

चालवताना कळणाऱ्या खुणा: उंचवट्यावरून उतरल्यावर पुढचा भाग होडीसारखा डोलत राहतो. वळणात छोटा खड्डा आला की मागचं चाक उडी मारून बाजूला सरकतं. ब्रेक लावला की नाक खूप खाली जातं. टायरवरून हात फिरवला तर गुळगुळीत झीज न लागता थोड्या थोड्या अंतरावर खोलगट वाट्या लागतात, कारण चाक रस्त्यावर टेकून न राहता टपटप आपटत चाललेलं असतं.

मग गळती. शॉकअप ओला दिसला म्हणून लगेच त्याला दोष देऊ नका. मागच्या चाकाजवळ तीन वेगवेगळी द्रवं गळू शकतात: शॉकअपचं तेल, अ‍ॅक्सलचं गिअर ऑइल आणि ब्रेकचं ऑइल. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. ब्रेक ऑइलसाठी काचेच्या पेल्यात पाणी घ्या आणि बोटावरचा थेंब त्यात सोडा. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ पाण्यात मिसळून जातं, शॉकअपचं तेल वर तरंगतं. सिलिकॉनचं डॉट ५ घातलेलं असेल तर ही युक्ती चालत नाही, तेव्हा डबीत काय आहे ते आधी माहीत असू द्या. ब्रेक ऑइल निघालं तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी ब्रेक बघा.

खरी परीक्षा शाफ्टची. डबा आणि हाताचं मूळ जिथे मिळतं ती जागा फडक्याने कोरडी पुसा. टॉर्चचा उजेड तिथे टाका आणि कुणाला तरी शॉकअपचा हात वरखाली हलवायला सांगा. शाफ्ट ठीक असेल तर काहीच दिसणार नाही. झिजलेला असेल तर दोन-चार फेऱ्यांत शाफ्टभोवती तेलाची बारीक कडी उगवते आणि हात वर गेला की आत ओढली जाते, खाली आला की बाहेर येते. श्वास घेतल्यासारखी. ती एकदा बघितली की वाद संपतो. या शॉकअपांत शाफ्ट सरळ ॲल्युमिनियमच्या अंगातच फिरतो, वर्षानुवर्षं फिरून भोक अंडाकृती होतं. अंडाकृती भोकात गोल ऑइल सील कितीही नवं घाला, शाफ्ट एका बाजूला कलणार आणि तेल वाट काढणार.

तीन वाटा

शाफ्टला खेळ नाही, गळती नाही, फक्त शॉकअप मऊ पडलाय किंवा हालचालीत मधेच पोकळ लागतो: तेल काढा, आतून धुवा, नवीन भरा, हवा काढा. हे घरी होतं.

शाफ्टला खेळ आहे: रिबिल्ट केलेला युनिट घ्या, जुना बदल्यात द्या. नीट रिबिल्ट करणारा माणूस डब्याचं भोक मशीनवर मोठं करतो, त्यात बुश किंवा बेअरिंग बसवतो आणि ओठवालं सील घालतो. यासाठी प्रेस लागते, बोरिंगचं मशीन लागतं, आणि हात शाफ्टवर परत बसवताना कोन अचूक लागतो. नवशिक्याने घरी हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रिबिल्ट घेताना एकच प्रश्न विचारा: भोकात बुश घातलाय का? उत्तर ‘सील बदललंय आणि रंग दिलाय’ असं आलं तर फोन ठेवा. मी एकदा असा रंगवलेला जोड घेतला होता. काळा, तकतकीत. तिसऱ्या महिन्यात शाफ्टखालचा रंग तेलाने फुगून पापडासारखा सुटला.

तिसरी वाट टेलिस्कोपिकमध्ये रूपांतराची. तिच्याबद्दल लोक फार उत्साहाने बोलतात. एमजीबीच्या पुढच्या बाजूला एक अडचण आहे, ती किट घ्यायच्या आधी समजून घ्या. तिथे लिव्हर शॉकअपचे हात म्हणजेच सस्पेन्शनची वरची विशबोन, चाकाला गाडीशी जोडणारा दुबेळकी हात. चाकाचा वरचा सांधा त्या हातांनाच अडकलेला असतो. म्हणून काही किटांत जुना शॉकअप काढतच नाहीत. त्याचा व्हॉल्व्ह काढून तो नुसता बिजागरासारखा ठेवतात आणि शेजारी टेलिस्कोपिक लावतात. म्हणजे झिजलेला शाफ्ट तिथेच राहिला, चाकाचा वरचा भाग तेवढाच हलणार. पैसे गेले आणि मूळ रोग कायम. चांगले रिबिल्ट केलेले लिव्हर शॉकअप रस्त्यावर चालवायच्या गाडीला पुरतात. शर्यतीची गाडी वेगळी.

कोणतीही वाट घ्या, एका अ‍ॅक्सलचे दोन्ही एकदम करा. एक नवा, एक जुना अशी गाडी ब्रेक लावताना आणि वळताना दोन बाजूंना दोन तऱ्हांनी वागते.

सामान

ट्रॉली जॅक दोन असतील तर उत्तम. घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) एक जोड, चांगल्या वजनाच्या. इंची पाने आणि सॉकेट: या गाड्यांवर मिलिमीटरचे पाने चालवू नका. ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर. १४ चा पाना चढत नाही, १५ चा चढतो आणि बोल्टची कोपरं गोल करतो. टॉर्क रेंच, गंज सोडवणारा स्प्रे, तारेचा ब्रश, नवीन स्प्लिट पिन, मजबूत तार, व्हाइस, छोटं नरसाळं किंवा सुई काढलेली मोठी सिरिंज, भरपूर फडकी. पुढच्या वरच्या सांध्याचे रबरी बुश नवीन मागवून ठेवा. जुने निघताना फाटतातच, आणि स्वस्तातल्या बुशासाठी गाडी आठवडाभर घोडीवर उभी राहते.

तेल: जुन्या मॅन्युअलमध्ये आर्मस्ट्राँगचं खास तेल सांगितलंय, आणि ते नसेल तर एसएई २० चं चांगलं मिनरल ऑइल. आज मोटारसायकलच्या फोर्कचं २० नंबरचं तेल सहज मिळतं, ते वापरा. ब्रेक ऑइल चुकूनही नको. आणि ‘जाडं तेल घाला, गळणार नाही’ हा सल्ला कुणीतरी देणारच. जाड तेल गळतं, फक्त उशिरा गळतं, आणि थंडीत शॉकअप लाकडासारखा कडक होतो.

पुढचा शॉकअप उतरवणं

आता लक्ष देऊन वाचा. या कामात जिवावर बेतेल असं एकच ठिकाण आहे आणि ते इथे आहे.

पुढची कॉइल स्प्रिंग खालच्या विशबोनवर, एका वाटीत उभी असते. गाडीच्या एका पुढच्या चाकावर दोनशे किलोंहून जास्त भार असतो, आणि स्प्रिंग चाकापेक्षा आत बसल्यामुळे तिच्यावरचा दाब त्याहूनही मोठा. चाक, नकल (चाक ज्यावर बसतं तो उभा भाग) आणि वरचे हात ही साखळी खालच्या विशबोनला वर धरून ठेवते. तुम्ही शॉकअप काढता तेव्हा याच साखळीचा वरचा दुवा काढत असता. खाली आधार नसेल तर विशबोन सपकन खाली जाते आणि स्प्रिंग सुटून कुठेही उडते.

म्हणून क्रम असा. मागच्या चाकांना अडण लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग गाडी उचला आणि घोड्या चॅसिसच्या मजबूत भागाखाली ठेवा, पुढच्या सस्पेन्शनच्या थोडं मागे, म्हणजे विशबोन मोकळी राहील. गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा मांडा. घोडीवर भरवसा नसेल तर गाडीखाली जाऊ नका.

चाक काढा. आता जॅक स्प्रिंगच्या वाटीच्या बरोबर मध्याखाली आणा आणि हळूहळू वर घ्या. शॉकअपचा हात त्याच्या खालच्या रबरी टेकणीवरून थोडा सुटला की थांबा. त्याहून वर पंप मारत राहिलात तर स्प्रिंग दबण्याऐवजी गाडीच घोडीवरून उचलली जाईल. शॉकअप बाहेर आहे तोवर हा जॅक तिथून हलवायचा नाही. जेवायला गेलात तरी, रात्र झाली तरी. हायड्रॉलिक जॅक रात्रीत थोडा बसतो, म्हणून काम दुसऱ्या दिवसावर जाणार असेल तर वाटीखाली लाकडाचे जाड ठोकळे रचून ठेवा.

वरच्या सांध्याची स्प्लिट पिन सरळ करून ओढा, नट काढा, आडवा बोल्ट बाहेर घ्या. तो सहसा बुशाच्या आतल्या नळीत गंजून बसलेला असतो. स्प्रे मारा, थांबा, चहा प्या, पुन्हा मारा. सरळ हातोडी घातलीत तर आटे चेपतील. नट दोन-तीन आटे लावून ठेवा आणि नटावर पितळी किंवा लाकडी तुकडा धरून मग ठोका.

बोल्ट निघाला की नकल बाहेरच्या बाजूला कलेल. ती आधीच तारेने बांधून ठेवा. ती ब्रेकच्या होजवर, म्हणजे रबरी नळीवर, लटकता कामा नये. होज बाहेरून ठीक दिसतो, आतला थर फाटतो, आणि पुढे कधीतरी एका चाकाचा ब्रेक धरून बसतो. कारण शोधताना आजचा दिवस तुम्हाला आठवणारही नाही.

आता डब्याचे चार बोल्ट. डोक्यांभोवतीचा चिखल तारेच्या ब्रशने काढा म्हणजे सॉकेट पूर्ण बसेल. चारही अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा. बोल्ट जड चालला तर मागे-पुढे, मागे-पुढे करत काढा. क्रॉसमेंबरमधले (डबा ज्यावर बसतो त्या आडव्या तुळईतले) आटे गेले तर मोठीच डोकेदुखी होते. डबा उचलताना दिसतो त्यापेक्षा जड निघतो, दोन्ही हात लावा. आणि त्यावर खडूने डावा-उजवा लिहा.

डबा निघाला की त्याखालची बैठक बघा. तिथे चाळीस-पन्नास वर्षांचा ग्रीस-चिखल असतो. तो खरवडून कोरडं केल्याशिवाय नवीन ठेवू नका, नाहीतर बोल्ट घट्ट झाल्यासारखे वाटतात आणि चिखल दबला की सैल होतात.

टेबलावर

झाकणाच्या प्लगभोवती आधी रॉकेल आणि ब्रशने स्वच्छ करा, मगच प्लग उघडा. वाळूचा एक कण आत गेला आणि व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला तर शॉकअप एका दिशेला एकदम पोकळ होतो, आणि तुम्ही तेलाला शिव्या घालत बसता.

डबा उलटा करून जुनं तेल भांड्यात ओता. हात चालवत राहा, पिस्टनमागचंही निघेल. तेलाचा रंग बघा. काळं येणारच. राखाडी, चांदीसारखी चमक असलेलं आलं तर ते ॲल्युमिनियम आहे, म्हणजे अंग झिजतंय. अशा डब्यावर पुढची मेहनत करू नका, बदलून घ्या.

व्हॉल्व्ह एका मोठ्या षटकोनी प्लगखाली असतो. सोडवताना आतली स्प्रिंग, वायसर आणि व्हॉल्व्ह कोणत्या क्रमाने निघाले त्याचा मोबाइलवर फोटो घ्या, आणि तुकडे त्याच क्रमाने पांढऱ्या फडक्यावर मांडा. स्प्रिंगांवरचे नट फिरवायचा मोह टाळा. बैठक पुसा, कचरा काढा, प्लगखालचा तांब्याचा वायसर बदला, परत लावा. आतून धुवायला थोडं नवीन तेलच घाला, हात दहा वेळा हलवा आणि ओतून टाका. पेट्रोलने धुतलं तर ते सीलला खातं आणि कोपऱ्यात उरतं.

मग भरणं. डबा गाडीवर जसा असतो तसाच सरळ व्हाइसमध्ये धरा, बसवायच्या कानांनी धरा, अंगाने नव्हे. तेल प्लगच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत घाला. हात अगदी सावकाश पूर्ण खाली, पूर्ण वर. पहिल्या काही फेऱ्यांत हात मधेच ढिला पडेल, भोकातून बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल. पुन्हा भरा. घाई केलीत तर तेलाचा फेस होतो आणि मग अर्धा तास गप्प बसावं लागतं.

आठ-दहा फेऱ्यांनंतर हाताला जे लागेल त्याचीच वाट बघायची असते: सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा जडपणा, मध घोटल्यासारखा. दोन दिशांचा जडपणा वेगळा असतो, तो तसाच हवा. पण दिशा बदलताना पोकळ लागता कामा नये. पोकळ जातच नसेल तर व्हॉल्व्ह पुन्हा उघडा. डावा-उजवा दोन्ही तयार झाले की शेजारी धरून तुलना करा. हाताइतकं प्रामाणिक मोजमाप घरी दुसरं नाही.

यानंतर डबा आडवा ठेवायचा नाही. रिबिल्ट युनिट खोक्यातून आडवा येतो, म्हणून तोही बसवण्याआधी असाच सरळ धरून चालवून घ्या. मी पहिल्यांदा भरलेले दोन्ही डबे व्यवस्थित फडक्यात गुंडाळून मांडणीवर आडवे निजवले होते. गाडीवर चढवले आणि पहिल्याच उंचवट्यावर खट्‌. पुन्हा सगळं उतरवलं.

परत चढवणं

चारही बोल्टांना आधी हाताने तीन-चार आटे लावा. पहिला बोल्ट आधीच आवळलात तर चौथा वाकडा शिरतो. मग तिरप्या क्रमाने थोडे थोडे करत घट्ट करा. एमजीबीच्या पुढच्या शॉकअपसाठी ४३ ते ४५ फूट-पाउंड, म्हणजे साधारण ६० न्यूटन-मीटर. तुमची गाडी वेगळी असेल तर तिच्या मॅन्युअलमधला आकडा घ्या, हा नको.

नवीन बुश घालून नकल हातांमध्ये आणा. भोकं जुळत नसतील तर जॅक पाव पंप वर-खाली करा. आत बोट घालून जुळतंय का बघायचं नाही, त्यासाठी सळई आहे. बोल्ट घाला, नट लावा, पण आत्ता पूर्ण आवळू नका. रबरी बुश आवळला की त्या जागी चिमटला जातो आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळाने होते. चाक लोंबत असताना आवळलात तर गाडी जमिनीवर आल्यावर तो कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. म्हणून वाटीखालचा जॅक वर घेऊन विशबोन रोजच्या उंचीला आणा, मग आवळा आणि नवीन स्प्लिट पिन घाला. भोक जुळायला नट थोडा पुढे न्यावा लागला तर पुढेच न्या, मागे सैल करू नका.

मागचे

इथे स्प्रिंगची भीती नाही, पाटे आपापल्या जागी राहतात. अ‍ॅक्सलला मात्र जॅकचा आधार द्या. शॉकअपचा हात एका छोट्या दुव्याने अ‍ॅक्सलला जोडलेला असतो, त्याचा नट काढा, चॅसिसचे दोन बोल्ट काढा, झालं. मागून कधीतरी येणारा टकटक आवाज बहुतेकदा या दुव्याच्या मेलेल्या रबराचा असतो, शॉकअपचा नसतो. दुवा हाताने हलवून बघा. इथल्या बोल्टांना ५५ ते ६० फूट-पाउंड.

तुमची गाडी टेलिस्कोपिकवाली असेल तर

काम सोपं, पण सवयी वेगळ्या. हा उघडून दुरुस्त करायचा नसतो, बदलायचा असतो. काही महागडे पुन्हा बांधता येतात, ते त्यांच्याच कारागिराकडे. बंद नळकांड्यात दाबाखाली वायू असू शकतो, म्हणून कापणं, भोक पाडणं, तापवणं वर्ज्य.

वरचा नट फिरवताना दांडाही फिरतो. त्याला वर चपटी बाजू असते, तिथे पाना धरा. चकचकीत दांड्यावर पक्कड लावलीत तर पडलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्याला सील खरवडतो आणि नवा शॉकअप महिन्यात गळतो.

ई-टाइपच्या मागे प्रत्येक बाजूला दोन-दोन, आणि प्रत्येकाभोवती कॉइल स्प्रिंग. स्पिटफायरच्या पुढेही स्प्रिंग शॉकअपवरच बसलेली. तिथे स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतोच, त्याचे दोन्ही हूक समोरासमोर लावून, आळीपाळीने थोडे थोडे आवळत. हे पहिल्यांदा करत असाल तर नळकांडं काढून जुळणी कुणा अनुभवी माणसाकडून करून घ्या, मी अजूनही तेच करतो. डॅटसन २४०झेडसारख्या स्ट्रटवाल्या गाडीत, म्हणजे जिथे शॉकअप चाक धरणाऱ्या नळीच्या आतच असतो, तिथे आतली कार्ट्रिज (तयार बंद शॉकअप) बदलायची असते. स्ट्रटच्या नळीत ती घालण्याआधी थोडं तेल ओता, ते कार्ट्रिजची उष्णता बाहेरच्या नळीपर्यंत नेतं.

नवीन दुहेरी नळीचा शॉकअप बसवण्याआधी सरळ उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, पडून राहिल्याने आत शिरलेली हवा वर जाते. रबरी बुश वायसरच्या काठापर्यंत फुगला की पुरे, भज्यासारखा बाहेर आला म्हणजे जास्त आवळला.

पहिला फेरा

चाकं लावा, गाडी खाली घ्या, नट जमिनीवर पुन्हा तपासा. ब्रेकचं पेडल दोनदा दाबून बघा, गाडी हलवायच्या आधी. सुरुवातीला रिकाम्या रस्त्यावर, ओळखीच्या उंचवट्यावरून सावकाश. गाडी आधीपेक्षा कडक वाटेल. मेलेल्या शॉकअपची सवय झालेली असते, म्हणून पहिले दोन दिवस काहीतरी बिघडवून ठेवलंय असंच वाटतं. स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल किंवा खालच्या विशबोनचे बोल्ट उघडले असतील तर चाकांची अलाइनमेंट, म्हणजे कोन, तपासून घ्या. शंभरेक किलोमीटर झाले की शॉकअपचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा बघा.

रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा सरकवा आणि त्यावर चार चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवा. सकाळी थेंब दिसले तर घाबरू नका, या गाड्या इंजिनखाली एखाद-दुसरा थेंब टाकतातच. चाकांच्या आतल्या बाजूला, आखलेल्या खुणांजवळ पुठ्ठा कोरडा आहे का तेवढं बघा. मग ती जागा कोरड्या फडक्याने पुसून, टॉर्च लावून शाफ्टभोवती एकदा नजर टाका.

उतरवलेले जुने डबे फेकू नका. प्लग लावून, सरळ उभे, डावा-उजवा लिहिलेल्या खोक्यात ठेवा. रिबिल्ट करणाऱ्याला बदल्यात तेच हवे असतात, फक्त बोल्टाचे कान तुटलेले नसावेत.